'च्याओचू'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: चिनी वुश्या, म्हणजे मल्लविद्येतल्या वीरांच्या, कादंबऱ्यांमध्ये जुलमी पंथाचा जो खलप्रमुख असतो, त्याच्या 'च्याओचू' या पदाला 'धर्मगुरू' म्हणावं, 'महंत' की सरळ 'भोंदू बाबा'? आणि त्याच्या पंथाला शत्रू 'मो-च्याओ' म्हणतात, त्याला 'राक्षसी संप्रदाय' चालेल का?

आधी उच्चार. पिनयिनमधली, म्हणजे चिनीच्या रोमन लेखनातली, 'जे', 'बी', 'डी' ही अक्षरं घोष नसतात. आपल्या 'च', 'प', 'त'च्या जवळची असतात. म्हणून 'जियाओझू' नको, 'च्याओचू' बरं. 'च्याओ' म्हणजे शिकवण, पंथ. 'चू' म्हणजे धनी, मालक. गुरूसाठी चिनीत 'शफू' हा वेगळा शब्द आहे आणि तोही याच कादंबऱ्यांत पानोपानी येतो. 'च्याओचू'साठी 'गुरू' खर्ची घातला, तर 'शफू' आल्यावर हात रिकामे राहतात. 'महंत' म्हटलं की मठ आणि जपमाळ डोळ्यांपुढे येते. 'महाराज' तर सगळ्यात घोटाळ्याचा: वाचकाला छत्रपती आठवतील किंवा कीर्तनकार.

माझं मत 'पंथाधिपती'ला. हे पद शिकवण्याचं नाही, सत्तेचं आहे. वुश्या कादंबरीकार चिन युंग यांच्या 'श्याओ-आओ च्यांगहू' (१९६७-६९) मधला च्याओचू रन वोशिंग घ्या. त्याच्या पंथात हाताखालच्यांना एक गोळी गिळायला लावतात. तिच्यात सुप्त किडे असतात आणि दर वर्षी पाचव्या चांद्रमासाच्या पंचमीला, त्वानवू सणाच्या दिवशी, उतारा मिळाला नाही तर ते मेंदूत शिरतात. याला शिष्यत्व कोण म्हणेल? ही वेठ आहे. कादंबरीच्या १९८० च्या उत्तरलेखात लेखकानेच लिहिलं आहे की रन वोशिंग आणि त्याची गादी बळकावणारा तोंगफांग पुपाय ही पात्रं आपल्या मनात मल्लविद्येचे उस्ताद नव्हती, राजकारणी होती. ही कादंबरी मुळात क्रमशः छापली जात होती तेव्हा चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती चालू होती, हेही ध्यानात ठेवावं.

संवादात मात्र 'पंथाधिपती' जड होतो. चिनीत पदनामानेच हाक मारतात. मराठीत 'अधिपती' एवढंच ठेवावं. बोलणारा स्वतःला 'शूश्या' म्हणवतो, तिथे 'मी' लिहू नये, 'ताबेदार' लिहावं. त्याशिवाय दरबाराचा वास येत नाही.

अनुयायी च्याओचूपुढे देतात ती घोषणा भाषांतरात सर्वांत जास्त बिघडते. 'छ्येन-छ्यू वान-चाय, ई-थुंग च्यांगहू' याचं 'अधिपतींचा विजय असो' केलं की सगळं गेलं. 'च्यांगहू' म्हणजे या योद्ध्यांची भटकी दुनिया. 'छ्यू' म्हणजे शरद ऋतू, इथे वर्ष या अर्थाने. आपल्याकडेही 'जीवेत शरदः शतम्' आहेच, तेव्हा 'सहस्र शरद, अयुत संवत्सर, अवघ्या च्यांगहूवर एकछत्र' हे शब्दाला धरून होतं आणि म्हणताही येतं. ('वान' म्हणजे दहा हजार, म्हणून अयुत.) एकदा ठरवलेले शब्द पुढे बदलू नयेत. रन वोशिंग पहिल्यांदा ही घोषणा ऐकतो तेव्हा बरळणं म्हणून हसण्यावारी नेतो. पुढे तीच त्याला गोड लागते. दर वेळी नवं भाषांतर केलं तर हा बदल वाचकाला दिसणारच नाही.

आता 'मो-च्याओ'. 'संप्रदाय' नको, वारकरी, नाथ, दत्त यांच्यामुळे तो शब्द आपल्याकडे फार सात्त्विक झाला आहे. 'पंथ' तटस्थ आहे. 'राक्षसी'ही नको, कारण 'मो' हा मुळात आपलाच शब्द आहे. बौद्ध ग्रंथांतल्या 'मार'साठी चिनीत 'मो-लुओ' असं लिप्यंतर झालं आणि त्याचा आखूड 'मो' रूढ झाला. त्या चिन्हात भुताची खूण आहे. अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या लेण्यात बुद्धावर चालून येणारा मार पाहिलेल्याला 'मारपंथ' समजावून सांगावा लागणार नाही.

पण हे नाव शत्रूंनी दिलेलं आहे. आतले लोक स्वतःला 'रयुए शनच्याओ' म्हणवतात, म्हणजे 'सूर्यचंद्र दिव्यपंथ'. अनुयायाच्या तोंडी 'मारपंथ' घातला की संवाद फसला. सूर्य आणि चंद्र ही चिन्हं जोडली की 'मिंग', म्हणजे तेजस्वी, हे अक्षर होतं. लेखकाच्या आधीच्या एका कादंबरीत याच नावाचा 'मिंग-च्याओ' आहे. तो मानी नावाच्या इराणी धर्मसंस्थापकाच्या खऱ्या पंथावर बेतलेला आहे आणि त्याचा च्याओचू चांग वूची हा कथेचा नायक. म्हणजे पद आपोआप खलनायकाचं ठरत नाही. 'जुलमी' हा भाव शब्दात कोंबू नये.

'भोंदू बाबा' वाया जाणार नाही, फक्त जागा चुकली आहे. तो शोभतो चिन युंग यांच्याच दुसऱ्या एका कादंबरीतल्या तिंग छुनछ्यूला. वाद्यं वाजवत, शिष्यांकडून स्तुती गाववून घेत फिरणारा हा विषप्रयोगी. पण तो च्याओचू नाही. तो 'शिंगशिऊ' नावाच्या 'फाय'चा, म्हणजे घराण्याचा, प्रमुख आहे. शिष्य त्याला 'लाओ-श्येन' म्हणतात, बाकीचे 'लाओ-क्वाय'. पहिल्याला 'थोरले सिद्ध', दुसऱ्याला 'थेरडं पिशाच्च'. त्याची घोषणा यमकात आहे, तेव्हा मराठीतही यमक हवंच: 'शिंगशिऊचे सिद्ध अपार, शक्तीला त्यांच्या नाही पार.'