वजाबाकीत हातचा की उसना?

बेळगावकडच्या खानापूरहून एका ताईंनी विचारलंय : "मुलगी तिसरीत, मराठी शाळेत आहे. वजाबाकीत बाई 'उसना घ्या' म्हणतात, घरी सासरे 'हातचा घे' म्हणतात. दोघांची रीत वेगळी, उत्तर एकच. बरोबर शब्द कुठला? आणि हीच मुलगी एकोणतीस सांगितलं की ३९ लिहिते, कन्नडात मात्र चुकत नाही. असं का?"

आधी हातचा. बेरजेत त्याचं काम सरळ आहे. सात नि आठ पंधरा, पाच मांडायचे, एक हातात धरायचा. पाटीवर न लिहिलेला, बोट मुडपून सांभाळलेला आकडा तो हातचा. 'हातचा राखून काम करणे' हा वाक्प्रचारही याच्याच घरचा वाटतो : सगळं मांडायचं नाही, थोडं मागं ठेवायचं.

पण वजाबाकीत हातात काय धरायचं? तिथं तर कमीच पडलेलं असतं! म्हणून सासऱ्यांचं गणित नीट ऐका. समजा ५२ मधून २७ वजा करायचे आहेत. ते म्हणत असतील, "बारातून सात गेले पाच, हातचा एक. दोन नि एक तीन, पाचातून तीन गेले दोन." उत्तर २५. वरच्या पाचाला त्यांनी हात लावलेला नाही. वर दहा सुटे वाढवले आणि खाली एक दशक वाढवला. दोन्हीकडं दहा वाढले, फरक तेवढाच राहिला. खाली मिळवलेला तो एक अगदी बेरजेतल्यासारखा हातचाच आहे. त्यामुळं त्यांच्या रीतीला त्यांचा शब्द चोख बसतो.

बाईंची रीत वेगळी. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाच दशकांतला एक घ्यायचा, पाचावर काट मारून चार करायचे, बारातून सात, चारातून दोन. याला 'उसना' म्हणतात, आणि माझी तक्रार इथंच आहे. आपल्याकडं उसनं म्हणजे काय? शेजारणीकडून वाटीभर साखर आणली तर वाटीभर परत जाते. दशकाच्या घरातून आणलेला हा एक कधी परत गेलाय का? नाव उसन्याचं आणि बुडवलं कायमचं. (उसनं अवसानसुद्धा कुणी परत करत नाही म्हणा.) गंमत बघा, परतफेड होते ती सासऱ्यांच्या रीतीत : वर दहा घेतले, खाली एक देऊन टाकला. म्हणजे 'उसना' हा शब्दही खरा त्यांनाच शोभतो.

बाई करतात ती मोड. बसमध्ये कंडक्टर चिल्लर मागतो तेव्हा आपण दहाची नोट मोडून आणतो, तसा एक दशक मोडून दहा सुटे करायचे. पैसे तेवढेच, नुसती घरं बदलली. मुलीला मी 'दशक मोडला' असंच शिकवीन. बावन्न म्हणजे पाच दशक दोन सुटे, आणि तेच चार दशक बारा सुटे, हे तिला दहा-दहा काड्यांच्या जुड्या सोडून दाखवा. नाहीतर मुलं दोनातून सात जात नाहीत म्हटल्यावर गुपचूप सातातून दोन काढतात आणि ३५ लिहून मोकळी होतात.

खरं तर 'जात नाहीत' हेही अर्धंच खरं. जातात, पाच कमी पडतात, एवढंच : उणे पाच. पन्नासातून वीस गेले तीस, त्यातून ते पाच कमी केले की पंचवीस. संख्येला म्हणताना मी 'उणे पाच' म्हणतो, 'वजा' ही क्रिया. 'वजा' अरबीतून आलेला, हिशेबाच्या वहीतला. 'ऋण' पुस्तकी वाटतो, पण जुना आहे. ब्रह्मगुप्तानं इ. स. ६२८ मध्ये धन आणि ऋण, म्हणजे शिल्लक आणि कर्ज, याच शब्दांत या संख्यांचे नियम सांगितले.

आता एकोणतीस. संस्कृतातलं 'ऊन' म्हणजे कमी. त्यातूनच आपलं 'उणे' आलं, आणि 'एकोण'मध्येही तेच बसलंय. एक उणे तीस, म्हणजे एकोणतीस. पोरीच्या कानावर 'तीस' पडतं, ती तीन मांडते, आणि नऊ तिला आधीच ठाऊक असतात. झाले ३९. कन्नडात इप्पत्तोंबत्तु म्हणजे वीस नि नऊ. ऐकलं तसं मांडलं की झालं. मराठी वरून खाली उतरते, कन्नड खालून वर चढते. तरी कन्नडही अगदीच सोवळी नाही. ओंबत्तु या शब्दातच 'दहाला एक कमी' दडलंय असं बरेच अभ्यासक मानतात. फक्त ते एकदाच, नऊपाशी. आपण प्रत्येक दशकाच्या उंबरठ्यावर तेच करतो, नव्याण्णव सोडून. तिथं एकोणशंभर म्हणायला हवं होतं, पण कुणी म्हणत नाही.

ताई, महिनाभर तिला एकोणतीस, एकोणचाळीस ऐकलं की आधी कन्नडात म्हणायला सांगा, मग लिहायला. आणि परीक्षेत पाचावर काट मारून चार लिहू द्या. आजोबांच्या रीतीनं उत्तर बरोबर येतं, पण तपासणाऱ्याला ती काट दिसायला हवी असते.