श्रमदानाचा पगार सीएसआर खर्चात धरता येतो का?

प्रश्न : आमच्या कारखान्यातले कामगार दर जुलैत वृक्षारोपणाला जातात. त्या दिवसाचा पगार कंपनी सीएसआर, म्हणजे कंपनीच्या सामाजिक जबाबदारीच्या, खर्चात दाखवू शकते का? आणि हा निधी कुठे जावा, हे आम्हाला सुचवता येते का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : पगार दाखवता येत नाही. कर्मचाऱ्यांनी सहभागी व्हावे, पण त्यांच्या वेळेची किंमत लावून ती सीएसआरमध्ये धरू नये, असा केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाचा ऑगस्ट 2021 चा खुलासा आहे. फक्त कामगारांच्या मुलांसाठीची शिष्यवृत्तीही बसत नाही. दवाखाना साऱ्या गावासाठी असेल आणि तिथे कामगारांच्या घरच्यांनीही उपचार घेतले, तर हरकत नाही.

सुचवता मात्र जरूर येते. निर्णय संचालक मंडळाचाच. कायद्याने कामगारांना त्यात जागा दिलेली नाही, ही उणीवच आहे. म्हणून वेळ साधावी लागते. कंपनी कायद्याचे सीएसआरविषयीचे कलम 135 लागू असलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या 2 टक्के खर्च करावे लागतात. सरासरी 12 कोटी असेल तर 24 लाख. हा खर्च वार्षिक कृती आराखड्याप्रमाणे होतो, तेव्हा लेखी प्रस्ताव जानेवारी-फेब्रुवारीतच द्या.

प्रस्तावात नुसते ‘झाडे लावू’ नको. जागा ग्रामपंचायतीची असेल तर तिचा ठराव जोडा. मे महिन्यात दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे, चांगला पाऊस झाल्यावर रोपे, गुरांपासून कुंपण आणि उन्हाळ्यातल्या टँकरचा खर्च, सगळे लिहा. रोपे मरतात ती बहुधा मार्च ते मेमध्ये, कारण पैसे रोपांवर आणि फलकावर संपतात, पाण्यासाठी तरतूदच नसते.

यावर कायद्यातच सोय आहे. मंडळाने ‘चालू प्रकल्प’ म्हणून मंजुरी दिली, तर सुरुवातीचे वर्ष सोडून पुढे तीन वर्षे काम चालवता येते. उरलेली रक्कम 30 एप्रिलपर्यंत वेगळ्या बँक खात्यात टाकावी लागते. अशी मंजुरी नसेल तर शिल्लक 30 सप्टेंबरपर्यंत पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधीसारख्या, कायद्यात नेमून दिलेल्या निधीत भरावी लागते. मग पुढच्या उन्हाळ्यात तुमच्या झाडांना त्यातला एक टँकरही मिळत नाही.

काम संस्थेकडे द्यायचे असेल तर तिची सीएसआर-1 नोंदणी (अशी कामे घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करावी लागणारी) आधी तपासा. कंपनीचे संकेतस्थळ असेल तर मंजूर प्रकल्प त्यावर टाकणे बंधनकारक आहे; तुमचा प्रस्ताव त्यात आला का, तिथेच पाहा.