आईचं ऋण फेडू नका, पत्र लिहा

जर्मनीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय, माहेर सोलापूरचं. कुणाच्या तरी सामानातून आईने पाठवलेला खाऊ हातात आला की आनंदाआधी अपराधी वाटतं. मग त्या पैसे पाठवतात, आणि आई म्हणते, "कशाला पाठवलेस?"

ताई, तुम्ही फेडायला निघालात, तिथंच घोळ होतो. कृतज्ञता वेगळी, ऋणाचं ओझं वेगळं. देणाऱ्याला परतफेड हवी आहे असं जितकं वाटतं, तितकं ओझं वाढतं आणि कृतज्ञता घटते, असं मानसशास्त्रज्ञ फिलिप वॉटकिन्स आणि सहकाऱ्यांना २००६ च्या अभ्यासात दिसलं. तुमच्या आईने तर काहीच मागितलेलं नाही.

नुसतं 'थँक्यू' म्हणू नका, आपल्या घरात ते परकं वाटतं. तिने काय केलं ते नीट बघा. शेंगा मंद आचेवर भाजल्या, लसूण-तिखट घालून तेल सुटेपर्यंत कुटल्या. कडक भाकरी वाटेत तुटू नयेत म्हणून एकेक करून टॉवेलात गुंडाळल्या. तेच लिहा: "आई, टॉवेल उघडला, एकही भाकरी तुटली नव्हती." हे वाक्य तिला पैशांपेक्षा जास्त पोचेल, याची मला खात्री आहे.

असं लिहायला संकोच वाटतो, मान्य. अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०१८ मध्ये हेच तपासलं. समोरच्याला अवघडल्यासारखं होईल, असं पत्र लिहिणाऱ्यांना जितकं वाटत होतं, तितकं ते झालं नाही, आणि आनंद मात्र त्यांच्या अंदाजापेक्षा जास्त झाला. मार्टिन सेलिगमन यांच्या २००५ च्या प्रयोगात लोकांनी असं पत्र स्वतः नेऊन दिलं. त्यांच्या मनाने चांगलीच उभारी धरली, पण तो परिणाम महिनाभरच टिकला. म्हणून एकदा लिहून थांबू नका.

एक मात्र सांगते. आईशी जुनं दुखणं असेल, तर हे बळेबळे करू नका. आधी त्या दुखण्याबद्दल बोला.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला येणार असाल, तर पत्र सोबत आणा आणि तिच्यासमोर बसून वाचा. ती मध्येच उठून चहा टाकायला जाईल. जाऊ द्या. परत आली की पुढचं वाचा.