बीएस-६ ट्रकचा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) सारखा चोक होतोय, गाडी गावातल्या गावातच फिरते, फिल्टर काढून टाकला तर पीयूसी निघेल का?

काढू नका! ते बेकायदा आहे आणि धूर तपासणीत अडकाल. पीयूसी नसेल तर दंड 10,000 रुपयांपर्यंत. शिवाय तो काळा धूर आपल्याच पोरांच्या छातीत जातो.

तुमची गाडी सांगली मार्केट यार्ड ते कुपवाड एवढीच फिरते म्हणता, खरं दुखणं तिथंच आहे. फिल्टरमधली काजळी जळायला साधारण 600 अंश तापमान लागतं, गावातल्या गावात ते येत नाही. डॅशबोर्डवर डीपीएफचा दिवा लागला की गाडी साताऱ्याच्या दिशेनं हायवेला काढा, अर्धा-पाऊण तास एका लयीत चालवा. तरीही विझला नाही तर उभ्या गाडीत बटणानं रिजनरेशन करा, म्हणजे काजळी जाळून घ्या. मात्र उसाच्या फडात, पाचटावर अजिबात नको, सायलेन्सर इतका तापतो की पेट घेईल. मोकळी, कडक जमीन बघा.

सायलेन्सरच्या पाइपात बोट फिरवून पाहा. फिल्टर धड असेल तर बोट जवळजवळ स्वच्छ निघतं. काळं झालं तर आतली जाळी फुटलीय. इंजिन ऑइल गाडीच्या कंपनीनं सांगितलेलं, कमी राखेचंच घाला. फिल्टरात साठलेली राख काजळीसारखी जळत नाही, ती मशीनवर साफ करावी लागते. आणि फिल्टर वारंवार भरत असेल तर आधी इंजेक्टर, टर्बो तपासा.