जास्वंदीच्या कळ्या गळतात, काय करू?

प्रश्न: ताई, डोंबिवलीत आमच्या गॅलरीत कुंडीत लाल जास्वंद आहे. कळ्या भरपूर धरतात पण उमलायच्या आधीच पिवळ्या पडून गळतात, शेंड्यांना कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलंय आणि मुंग्यांची रांग सतत चालू असते. शेजारच्या काकू म्हणाल्या खत कमी पडतंय म्हणून दर आठवड्याला युरिया घालतेय. गणपतीला घरचं फूल वाहायची फार इच्छा आहे हो.

उत्तर: सगळ्यात आधी तो युरिया थांबवा. त्यात 46 टक्के नायट्रोजन असतं, त्याने नुसती पानं आणि लुसलुशीत शेंडे फुटतात आणि किडीला नेमके तेच आवडतात.

ते कापसासारखं म्हणजे पिठ्या ढेकूण (मिलीबग). तो कोवळ्या शेंड्याचा रस शोषतो आणि चिकट गोड द्रव सोडतो, त्यासाठी मुंग्या येतात आणि त्याच त्याला राखतात, एका फांदीवरून दुसरीकडे नेतात, म्हणून मुंग्या तशाच ठेवून नुसतं औषध मारलं तर तो परत येतोच. फांद्या ग्रिलला किंवा भिंतीला टेकल्यात का बघा, टेकल्या असतील तर तेवढ्या कापा, मुंग्यांचा रस्ताच बंद. जास्त भरलेले शेंडे छाटून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये अजिबात नको. उरलेल्या झाडावर पाण्याचा जोरात फवारा मारा, मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या लिक्विडचे चार-पाच थेंब नीट घुसळून संध्याकाळी फवारा, उन्हात नको, पानं करपतात. पानांच्या मागे आणि फांदीच्या बेचक्यात ते लपतात, तिथे हात सैल सोडून मारा. आठवड्याने परत, असं तीन-चार वेळा तरी.

आता गळलेली एक कळी उकलून बघा. आत बारीक अळी किंवा थ्रिप्स (रस शोषणारे बारीक फुलकिडे) दिसले तर गळलेल्या सगळ्या कळ्या रोज उचलायच्या, कुंडीत पडू द्यायच्या नाहीत. आत काहीच नसेल तर बहुतेक पाण्याचा घोळ आहे, कारण कुंडी एकदा कडक वाळली आणि मग एकदम बदाबदा पाणी घातलं की जास्वंद कळ्या टाकते. बोट मातीत घालून बघा, वरचा इंचभर थर सुकला की भरपूर घाला. पावसात खालची ताटली काढून ठेवा.

फूल नव्या फुटीवरच येतं, म्हणून गणपतीसाठी मे अखेरीस हलकी छाटणी करा, कळी धरायला साधारण दोन-अडीच महिने लागतात, आणि पाच-सहा तास ऊन हवंच. गॅलरीत तेवढं ऊन येत नसेल तर कुंडी गच्चीवर न्या, पण कळ्या लागायच्या आधी, नंतर हलवली की परत गळतात.

प्रश्न: फूल एकाच दिवसात मिटतं, झाड आजारी आहे का?

उत्तर: नाही हो, गावठी जास्वंदीचं फूल एकाच दिवसाचं असतं, काही हायब्रीडची दोन दिवस टिकतात. सकाळी तोडलेलं फूल पाण्यात न ठेवताही संध्याकाळपर्यंत छान राहतं, पूजेला निवांत वापरा.