लॅपटॉपवर गेम अडखळतो, ग्राफिक्सची कोणती सेटिंग कमी करू?

तुमच्या लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. गेम आधी बरा चालतो, वीसेक मिनिटांनी अडखळतो, आणि सगळं 'लो'वर टाकलं तर चित्र बघवत नाही. दुकानात विचारलं तर 'नवीनच घ्या' म्हणाले. माझं मत विचाराल तर एवढ्यात पैसे घालू नका. ओळखीपाळखीतले बरेच लॅपटॉप माझ्याकडे हीच तक्रार घेऊन येतात, आणि त्यातले बहुतेक नुसत्या सेटिंगवर मार्गी लागतात.

सगळं एकदम 'लो'वर टाकू नका. आधी अडतंय कुठे ते शोधा. गेममधलं रिझोल्यूशन १९२० बाय १०८० वरून १२८० बाय ७२० वर आणा आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) दिसतात, ते बघा. पहिल्यात साधारण २० लाख ७३ हजार पिक्सेल रंगवावे लागतात, दुसऱ्यात ९ लाख २१ हजार, म्हणजे काम निम्म्याहून कमी. तरीही फ्रेम रेट जागचा हलला नाही, तर अडचण बहुधा प्रोसेसरची आहे. मग ग्राफिक्स कितीही कमी करा, उपयोग नाही. अशा वेळी गर्दीतली माणसं, लांबपर्यंत दिसणारा परिसर असल्या सेटिंग कमी करायच्या आणि मागे उघडे असलेले ब्राउझरचे टॅब बंद करायचे.

फ्रेम रेट वाढला तर अडचण ग्राफिक्सचीच. मग पहिला हात शॅडोला घाला. एका झाडाची सावली दाखवायची तर गेम तो देखावा आधी सूर्याच्या जागेवरून काढून बघतो, उजेड कुठे अडतो ते ठरवतो आणि मग तुमच्या नजरेने पुन्हा काढतो. हे दर फ्रेमला. ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात, त्यातलेच हे जातात. शॅडो 'अल्ट्रा'वरून 'मीडियम'वर आणल्या तर खेळताना फरक जाणवतही नाही. त्यानंतर अँबियंट ऑक्लूजन (कोपऱ्यांत-फटींत दिसणारी मऊ सावली), धुकं, पाण्यातली प्रतिबिंबं. एका वेळी एकच बदला, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार नाही.

टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावर चढवलेली चित्रं, मात्र शेवटी. मेमरी पुरत असेल तर त्याने वेग फारसा घटत नाही, आणि ते 'लो' केलं की भिंती-रस्ते चिखलासारखे दिसतात. तुम्हाला बघवत नाही ते बहुधा यामुळेच.

वीस मिनिटांनी अडखळणं हे मला तापण्याचं लक्षण वाटतं. चिप तापली की स्वतःला वाचवायला वेग कमी करते. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा ४० अंशांजवळ जातो, आणि आपल्याकडे बांधकामांची धूळ बारा महिने. बाजूच्या जाळीतून टॉर्च मारून बघा. पंख्यापलीकडच्या पात्यांवर करड्या लोकरीसारखा थर दिसला तर तो साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, चार्जर लावूनच खेळा आणि फ्रेम रेट ३० वर बांधून टाका. २५ ते ५० मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा सलग ३० डोळ्यांना कितीतरी बरे, आणि चिपही थंड राहते.

खर्च करायचाच असेल तर रॅमवर करा. वेगळं कार्ड नसलेलं ग्राफिक्स याच ८ जीबीतून वाटा घेतं. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीखाली 'स्लॉट्स यूज्ड' समोर '१ ऑफ २' दिसलं तर त्याच वेगाची दुसरी ८ जीबीची पट्टी टाका. नुसती जागाच वाढत नाही, दोन पट्ट्या जोडीने चालल्या की ग्राफिक्सला डेटाही जास्त वेगाने मिळतो. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डालाच पक्की बसवलेली असते, म्हणून पट्टी घेण्याआधी तुमच्या मॉडेलला दुसरी बसते का ते विचारून घ्या.