वाचकांचे प्रश्न : १४९००के हँग होतंय, वॅट कमी करू का, आणि जुनं १३९००के घेऊ का

प्रश्न : कोल्हापूरच्या राजारामपुरीत माझा लग्नाच्या व्हिडिओ एडिटिंगचा छोटा स्टुडिओ आहे. २०२४ च्या सुरुवातीला इंटेलचा आय९-१४९००के प्रोसेसर, ६४ जीबी रॅम आणि १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड घालून मशीन बांधून घेतलं. सुरुवातीला पळत होतं, आता एक्सपोर्ट मधेच बंद पडतो, कधी निळा स्क्रीन येतो, आणि मुलगा गेम लावतो तर 'आउट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा मेसेज येतो. दुकानदारानं रॅम बदलली, विंडोज नव्यानं टाकलं, आता कार्ड बदला म्हणतोय. बदलू का?

उत्तर : दादा, कार्डाला हात लावू नका, पैसे वाया जातील. तो मेसेज वाचून कुणालाही कार्डच आठवणार, पण १३व्या आणि १४व्या जनरेशनच्या मोठ्या इंटेल चिपांवर तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे येतो. गेम सुरू होताना शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार करायचे आणि दाबून ठेवलेला डेटा उघडायचा हे काम सीपीयू म्हणजे प्रोसेसर करतो, तिथं त्याचं गणित चुकलं की पुढं गेमला वाटतं मेमरी संपली. एक साधी परीक्षा करा, एखादी मोठी झिप फाइल (२०-३० जीबीची असली तर बरं) चार-पाच वेळा उघडून बघा, आणि दर वेळी वेगळ्याच फाइलवर सीआरसी एरर (फाइल चुकीची उघडल्याची सूचना) आली तर संशय सरळ चिपवर घ्या. ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकतानाच इन्स्टॉलर मधे बंद पडत असेल तरी तीच खूण.

आता हे झालं कशामुळं ते नीट सांगतो, कारण बरेच जण इथं वॅट आणि व्होल्ट यांची गल्लत करतात. इंटेलनं सप्टेंबर २०२४ मध्ये कारण जाहीर केलं, त्याला ते व्हीमिन शिफ्ट (चालायला लागणारं किमान व्होल्टेज वर सरकणं) म्हणतात. कोअरमधल्या घड्याळाच्या सर्किटला जास्त व्होल्टेज आणि गरमी सोसत नाही, ते लवकर म्हातारं होतं, आणि मग जेवढ्या व्होल्टवर चिप पूर्वी आरामात चालायची तेवढ्यावर आता चालत नाही. आणि यातली खरी मेख अशी की हे जास्त व्होल्टेज फक्त रेंडर चालू असतानाच मिळतं असं नाही, मशीन नुसतं बसलंय, एखादी टॅब उघडलीय, अशा हलक्या कामातसुद्धा चिप मदरबोर्डाकडे जादा व्होल्टेज मागत होती, आणि एक-दोन कोअर ६ गिगाहर्ट्झवर न्यायला तर व्होल्टेज मुळातच जास्त लागतं. त्या वेळी वॅट बघाल तर अगदी कमी दिसतील. म्हणून 'मी वॅटला लिमिट लावलंय, माझी चिप सेफ आहे' असं म्हणणाऱ्यांना मी कळकळीनं सांगतो, तेवढ्यानं भागत नाही, बायोस (मदरबोर्डातला मूळ प्रोग्रॅम) अपडेट पाहिजेच.

वॅटचा दोष नाही असंही नाही बरं का. १४९००केचा अधिकृत वरचा आकडा २५३ वॅट, पण बऱ्याच महागड्या बोर्डांवर लिमिटच्या रकान्यात ४०९६ वॅट भरून यायचं, म्हणजे लिमिट नाहीच, आणि करंटवरची संरक्षणंही काही ठिकाणी बंद असायची. बेंचमार्कमध्ये दोन पॉइंट जास्त दिसावेत म्हणून गिऱ्हाइकाच्या ५०-६० हजारांच्या चिपवर हा प्रयोग करणं मला अजिबात पटत नाही.

तुम्ही काय करायचं. बोर्डाच्या कंपनीच्या साइटवरून सगळ्यात नवीन बायोस टाका, त्यात मायक्रोकोड (चिपच्या आतल्या मूळ सूचना) निदान ०एक्स१२बी पाहिजे, ०एक्स१२एफ मिळाला तर उत्तम (ऑगस्ट २०२४ च्या ०एक्स१२९ नं १.५५ व्होल्टच्या वरच्या मागणीला अटकाव केला, १२बी नं हलक्या कामातलं प्रकरण धरलं, आणि मे २०२५ चा १२एफ कित्येक दिवस बंद न होणाऱ्या मशीनसाठी आला). मग बायोसमध्ये इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज लावा, परफॉर्मन्स प्रोफाइल, २५३ वॅट, ३०७ अँपिअर. रॅमचं एक्सएमपी (रॅम जादा वेगानं चालवायची सेटिंग) दोन दिवस बंद ठेवून बघा, म्हणजे रॅमचा संशय निघून जाईल.

पण अपडेटनं बिघडलेली चिप बरी होत नाही, हे इंटेलनंच स्पष्ट सांगितलंय. तुमची लक्षणं बघता मला वाटतं तुमची बिघडलीय. खात्री करायची तर परफॉर्मन्स (मोठ्या, वेगवान) कोअरचा मल्टिप्लायर ५३ वर, म्हणजे वेग ५.३ गिगाहर्ट्झवर आणून तोच एक्सपोर्ट लावा. आता सरळ पार पडला तर निदान झालं, पण ते औषध नव्हे, त्यावर वर्षभर काढू नका. बॉक्समधल्या या चिपांची वॉरंटी इंटेलनं दोन वर्षांनी वाढवून पाच केलीय, तेव्हा बदलून मागा. बॉक्स नसलेली ट्रे चिप असेल तर ज्यानं मशीन बांधलं त्याच्याकडंच जावं लागेल. आणि सीझन तोंडावर आहे म्हणून गप्प बसू नका, मुहूर्ताचं फुटेज पुन्हा शूट करता येत नाही, करप्ट झालेली एक्सपोर्ट गिऱ्हाइकाला देण्यापेक्षा आठवडाभर दुसरं मशीन भाड्यानं घ्या.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला एका फौंड्रीत कास्टिंगचं डिझाइन आणि सिम्युलेशन बघते. १३९००के आहे, क्रॅश वगैरे काही नाही, पण सॉल्व्हर (सिम्युलेशनचं गणित सोडवणारा प्रोग्रॅम) लावला की टेंपरेचर १०० ला जातं, एप्रिल-मेमध्ये केबिनमध्ये बसवत नाही, आणि यूपीएस शिट्टी मारून बंद पडतो. साहेब म्हणतात वॅट कमी केले तर मशीन स्लो होईल.

उत्तर : ताई, साहेबांना एक गोष्ट सांगा, २०२२ मध्ये ही चिप आणताना इंटेलनंच दाखवलं होतं की १३९००के ६५ वॅटवर चालवली तरी मल्टिथ्रेडमध्ये (सगळे कोअर एकदम लावणाऱ्या कामात) २४१ वॅट खाणाऱ्या आधीच्या १२९००केच्या बरोबरीनं येते. वॅट व्होल्टेजच्या वर्गानं वाढतात, १.२ चे १.४ व्होल्ट केले की स्पीड तोच धरला तरी ३६ टक्के जादा वीज जाते, आणि वरच्या टोकाला हे जादा व्होल्ट फक्त शेवटच्या दोन-तीनशे मेगाहर्ट्झसाठी लागतात. चरकातनं चारदा काढलेला ऊस पाचव्यांदा घालण्यातला प्रकार आहे हा, जोर सगळा लागतो आणि रस थेंबभर.

तर बायोसमध्ये लॉन्ग आणि शॉर्ट (सततची आणि थोड्या वेळाची) दोन्ही पॉवर लिमिट १८० वॅटवर आणा. सॉल्व्हर साधारण दहा टक्क्यांच्या आत-बाहेर मागे पडेल, म्हणजे तासाच्या रनला पाच-सहा मिनिटं, आणि केबिनमधली गरमी, फॅनचा आवाज यात लगेच फरक कळेल. मेमध्ये आणखी खाली १२५ वर न्या. कूलर कितीही भारी घेतला तरी तो गरमी केबिनमध्येच सोडणार, संपवणार नाही, म्हणून मी तुम्हाला नवा कूलर सुचवत नाहीये. यूपीएस ६०० व्हीएचा असेल तर तो ३६० वॅटच्या आसपासच देतो, २५३ चा सीपीयू आणि वर ग्राफिक्स कार्ड त्याला झेपणार कसं, १८० केल्यावरही बेरीज करून बघा आणि गरज लागली तर १ केव्हीएचा घ्या. वीजबिलाचं म्हणाल तर तिथं फार आशा ठेवू नका, रन थोडा लांबतो त्यामुळं काही बचत परत जाते.

क्रॅश नाही म्हणून बायोस मात्र टाळू नका. वरच्या दादांना सांगितलेलं तुम्हालाही लागू आहे, उलट चिप धडधाकट असताना अपडेट केलं तरच त्याचा उपयोग.

प्रश्न : कागलहून लिहितोय, इंजिनिअरिंगला आहे. मित्राचा दादा त्याचं १३९००के बोर्डासकट स्वस्तात देतोय. की नवीन १४९००के घेऊ? की एएमडी?

उत्तर : भावा, सेकंडहँड १३९००के नको. किती व्होल्टवर किती महिने चाललीय हे बाहेरून कळत नाही, आणि आज टेस्ट पास झाली म्हणजे सहा महिन्यांनी चालेलच असं नाही.

१४९००के म्हणजे तीच चिप, तेच २४ कोअर, तीच इंटेल ७ प्रोसेस (चिप बनवायची पद्धत), फक्त ५.८ चे ६ गिगाहर्ट्झ. त्या १४व्या जनरेशनच्या रिफ्रेशमध्ये खरी भर एकाच ठिकाणी पडली, १४७००केला चार एफिशियन्सी (छोटे, कमी वीज खाणारे) कोअर जादा मिळून १६ चे २० झाले. बाकी नाव नवं. त्यात तो सॉकेट (बोर्डावरची चिप बसायची जागा) संपलाय, पुढं अपग्रेडला जागा नाही. इंटेलच्याच नंतरच्या कोअर अल्ट्रा ९ २८५के ला हा व्होल्टेजचा आजार नाही असं इंटेल सांगतं, पण गेमिंगमध्ये तो आला तेव्हा जुन्या १४९००केच्या पुढं गेला नाही.

तुझं गेम आणि कॅड असं मिश्र काम असेल तर मी एएमडीच्या रायझन ७ ९८००एक्स३डी कडं बोट दाखवीन, ८ कोअर, टीडीपी (कूलिंगसाठी धरायचा आकडा) १२० वॅट, गेममध्ये त्याहून बराच कमी खातो, आणि एएम५ सॉकेटला एएमडीनं २०२७ पर्यंतचा शब्द दिलाय. रेंडरच जास्त असेल तर ९९५०एक्स, तो २३० वॅटपर्यंत जातो, पण बायोसमध्ये इको मोड (कमी वॅटची सेटिंग) लावला की शांत बसतो. एएमडी म्हणजे बिनघोर असंही समजू नको, एप्रिल २०२३ मध्ये ७८००एक्स३डी बोर्डासकट जळाल्याचे फोटो आले होते, तिथंही बोर्ड एसओसीला (चिपमधला मेमरी वगैरे सांभाळणारा भाग) जादा व्होल्टेज देत होते आणि नंतर नव्या बायोसनं १.३ व्होल्टची मर्यादा घातली. तेव्हा कुठलीही घे, पहिल्या दिवशी बायोस नवा टाक, बॉक्स जपून ठेव आणि पक्क्या बिलावर चिपचा सिरियल नंबर लिहून घे.